गिअरबॉक्स राहू द्या, आधी पॉलिसी काढा बाहेर

जिंतूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४१, खत-बियाणं आणि ठिबकच्या साहित्याचं दुकान. २०१९ ची डबल कॅबिन पिकअप, ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राइव्ह, एक लाख अडतीस हजार किलोमीटर चाललेली. डीला टाकली की दोन सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन झटका बसतो. साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरते. फोर-हाय (चारही चाकांना ताकद) लावलं की दिवा लुकलुकत राहतो, आणि पांदण संपून डांबरीवर आल्यावर टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणलं तरी फोर-व्हील सुटत नाही. वळताना चाकं अडखळतात. संभाजीनगरच्या एका गॅरेजनं गिअरबॉक्स खोलायचे २ लाख ६० हजार आणि ट्रान्सफर केसचे (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग) ६० हजार सांगितले आहेत.

प्रश्न असा: ३ लाख २० हजार घालून हीच गाडी ठेवू, की पाच लाखांना विकून २६ लाखांची नवी घेऊ? बँक सात वर्षांचं कर्ज द्यायला तयार आहे.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. "पैशाची तशी चिंता नाही, वर्षाला दीड लाखाची पॉलिसी चालू आहे, चार हप्ते झालेत, साडूभाऊच एजंट आहेत, गॅरंटीड डबल आहे. वाटल्यास तिच्यावर कर्ज काढता येईल म्हणतात."

मी गाडी तिथेच सोडली आणि या ओळीपाशी थांबलो.

तुमची पॉलिसी अशी आहे: बारा वर्षं दीड-दीड लाख, म्हणजे १८ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी ३६ लाख घ्यायचे. डबल खरंच आहे. पण सगळं धरून हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत, पावणेपाचच्या आसपास बसतो. हेच बारा हप्ते पीपीएफमध्ये टाकून विसाव्या वर्षापर्यंत तसेच ठेवले असते, तर आजचा ७.१ टक्के दर टिकल्यास साधारण ५० लाख झाले असते. 'डबल' हा शब्द कानाला गोड लागतो, कारण त्याच्या मागे 'किती वर्षांत' हे कुणी बोलत नाही.

बरं, हेही एक वेळ चाललं असतं. पण दुकानावर १२ लाखांची सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज आहे, ११ टक्क्यांची, आणि ती वर्षभर पूर्ण उचललेलीच असते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बँकेकडून अकरा टक्क्यांनी आणायचे आणि विमा कंपनीकडे पाच टक्क्यांना ठेवायचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे. त्यात आता पॉलिसीवर कर्ज काढून गाडी दुरुस्त करायची, म्हणजे स्वतःच्याच पैशावर पुन्हा व्याज भरायचं.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. या पॉलिसीत विमा आहे १५ लाखांचा. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर बँक आधी सीसीचे १२ लाख मागेल, कारण घर तिच्याकडे तारण आहे. उरले तीन लाख. त्यात आई, बायको, लातूरला अकरावीत नीटच्या क्लासला घातलेली मुलगी आणि सातवीतला मुलगा. तीन लाखांत लातूरची दोन वर्षंसुद्धा निघायची नाहीत. शेतकऱ्यांकडे सात लाखांची उधारी आहे आणि सोयाबीनला भाव आला की ती येईल, असं तुम्ही लिहिता. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे. मोंढ्यात प्रत्यक्ष काय मिळतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुमच्या माघारी ती उधारी वसूल करायला वहिनींनी कुणाकुणाच्या दारात उभं राहायचं?

तेव्हा आधी टर्म इन्शुरन्स, म्हणजे नुसता मृत्यूचा विमा. एक कोटीचा, ६५ वर्षांपर्यंतचा. हप्ता वर्षाला पंचवीस-तीस हजार धरा. तंबाखू खात असाल तर बराच जास्त, पण फॉर्मवर खरंच लिहा. लपवलेली तंबाखू पुढे क्लेमच्या आड येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढा फायदा आहेच. आणि पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४, त्याखाली घ्यायची असं फॉर्मवर नमूद करा. मग ते पैसे पत्नी आणि मुलांचेच राहतात, सीसीच्या वसुलीला त्यांना हात लावता येत नाही. हे नंतर जोडता येत नाही, सुरुवातीलाच करावं लागतं. (नफा नऊ लाख आणि रिटर्नमध्ये पाच, हे मी वाचलंच नाही असं समजा. पण विमा कंपनी रिटर्नच बघते. पाच लाखांवर एक कोटी मिळायला हरकत नसावी, त्याहून जास्त मागायला जाऊ नका.)

टर्म पॉलिसी हातात आली की मगच जुनीकडे वळा. ती सरेंडर केली, म्हणजे आत्ताच मोडली, तर भरलेल्या सहा लाखांतले साधारण निम्मे मिळतील. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून तशीच ठेवली, तर बारांपैकी चार हप्ते भरले या हिशेबानं शेवटी बारा लाखांच्या आसपास यावेत. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या, साडूभाऊंकडून तोंडी नकोत. आज तीन की सोळा वर्षांनी बारा, म्हणजे नऊ टक्के झाले, त्यामुळे पेड-अप बरी. सरेंडरचे तीन लाख सीसीत भरणं कागदावर आणखी फायद्याचं आहे, पण खरिपाच्या तोंडावर तुम्ही ते पुन्हा उचलणार, मला माहीत आहे. उरलेले आठ हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या पैशावर सहा टक्केही सुटत नाहीत. मार्चचा पाचवा हप्ता भरू नका.

आता गाडी. २१ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं: महिन्याला ३४ हजार, एकूण परतफेड २९ लाखांच्या घरात. तुमचे महिन्याचे ७५ हजार, त्यातून सीसीचं व्याज ११, पॉलिसी साडेबारा, गाडी ३४. घराला सतरा हजार राहतात. दुरुस्तीचा सगळा ३ लाख २० हजारांचा खर्च म्हणजे नव्या गाडीचे सुमारे साडेनऊ हप्ते. नवी गाडी हा विषय इथे संपला.

पण ते ३ लाख २० हजारही इतक्यात देऊ नका. मी मिस्त्री नाही, म्हणून नांदेडला ज्यांच्याकडे माझी गाडी जाते त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. टायरच्या वाक्याला ते थांबले. "मागचे दोन नवे टाकले, पुढचे जुनेच? मग ट्रान्सफर केस कशाला खोलायची साहेब, आधी खडू घ्या."

खडू यासाठी. हवा चारही चाकांत कंपनीनं सांगितली तेवढी भरायची, पुढच्या आणि मागच्या टायरवर एकेक रेघ मारायची, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यायचा आणि जमिनीवर टेपनं मोजायचं. नव्या-जुन्या नक्षीत सात मिलिमीटरचा फरक असेल तर एका फेऱ्याला चार सेंटिमीटरच्या वर फरक पडतो, किलोमीटरला अठरा-वीस मीटर. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. काळ्या मातीच्या चिखलात चाक घसरून हा फरक जिरवून टाकतं. डांबरीवर घसरायला जागा नाही, म्हणून सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठतो. मग टू-हायला आणलं तरी दात सुटत नाहीत, दिवा लुकलुकतो, वळताना चाक अडखळतं. अशा वेळी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, पीळ उतरतो. पुढचे दोन टायर मागच्याच मापाचे, त्याच कंपनीचे टाका, वीस-बावीस हजार. डांबरी लागण्याआधीच फोर-हाय काढायची सवय करा. त्यानंतरही दिवा लुकलुकला तर वायरिंग, स्विच आणि अ‍ॅक्च्युएटर बघायचे, केस सगळ्यात शेवटी.

गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' म्हणून एकदाही बदललेलं नाही, असं तुम्ही लिहिता. कुणाच्या आयुष्याचं, हे शोरूमनं सांगितलं नसेल. (विमावाल्यांचं आणि यांचं प्रशिक्षण एकाच ठिकाणी होत असावं.) ऑइल कमी किंवा थकलेलं असलं की डीला टाकल्यावर उशीर होतो, आणि साठ-सत्तरला टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) लॉक धरताना थरथर येते. गॅरेजनं स्कॅनर लावून बिघाडाचा कोड लिहून दिला का? पत्रात तसं काही नाही. आधी तो घ्या. मग ऑइलचं पॅन तुमच्यासमोर खोलायला सांगा. आतल्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर झीज नेहमीची. धातूचे तुकडे असतील, ऑइल काळं असेल आणि जळका वास येत असेल, तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल. गुलाबी, दुधासारखं असेल तर रेडिएटरमधून पाणी शिरलंय. गाडी तिथून हलवू नका.

पहिली गत असेल तर कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल भरा, नुसतं लाल दिसणारं चालणार नाही. एका वेळी निम्म्याहून कमीच जुनं ऑइल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून हजारेक किलोमीटर चालवून दोन-तीनदा बदलायचं. प्रेशरनं धुवायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. हे सगळं वीस-पंचवीस हजारांत बसतं. खोलायची वेळ आलीच तर पार्टनिहाय कोटेशन, जुने पार्ट परत आणि वर्षभराची लेखी वॉरंटी मागा. २ लाख ६० हजार गेले तरी नव्या गाडीच्या आठ हप्त्यांच्या आतच आहेत.

म्हणजे मार्चमध्ये न भरलेल्या दीड लाखातून टर्मचा हप्ता, टायर आणि ऑइल निघून सत्तर हजार उरतात. ते वहिनींच्या खात्यावर एफडीत टाका, सीसीत नको आणि दुकानात तर मुळीच नको.

साडूभाऊंना माझं नाव सांगा. ते चिडतील, दिवाळीला फोन करायचे नाहीत कदाचित, पण पेड-अपचा फॉर्म त्यांच्या हातून देऊ नका. परभणीच्या शाखेत स्वतः जा आणि पोच घेऊन या.