आमच्या फुटबॉल क्लबने ३३ वर्षांचा सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारा खेळाडू, दोन वर्षांच्या करारावर घेतलाय. निम्मे चाहते खूश, निम्मे संतापलेले. नक्की कोणाचं बरोबर?

तुम्ही प्रश्नाखाली जी माहिती दिलीय ती आधी थोडक्यात मांडतो, कारण माझं उत्तर तिच्यावरच उभं आहे. खेळाडू फ्री ट्रान्सफरवर, म्हणजे जुन्या क्लबला पैसे न मोजता, आलाय. गेल्या हंगामात तुमच्या संघाने शेवटच्या १५ मिनिटांत आघाडी घालवून बरेच गुण गमावले. कोच बचावफळी खूप वर, म्हणजे आपल्या गोलपासून लांब मध्यरेषेकडे, खेळवतो. बाकीचे सेंटर बॅक विशीतले, त्यातला एक २१ वर्षांचा, अकॅडमीतून आलेला आणि सगळ्यांचा लाडका. एक गट म्हणतो ‘संपलेला माणूस आणला’, दुसरा म्हणतो ‘अखेर मागे कोणीतरी जाणतं आलं’. शिवाय त्याला लगेच कर्णधार करावं का, हेही तुम्ही विचारलंय.

मला ही खरेदी पटते. कराराचं दुसरं वर्ष पटत नाही.

दोन्ही गट वयावर भांडतायत, पण सेंटर बॅकच्या बाबतीत नुसत्या वयावरून काहीच कळत नाही. त्याच्या पाठीमागे किती मैदान मोकळं सुटतं आणि ते राखायला शेजारी कोण आहे, हे आधी बघावं लागतं. फळी मध्यरेषेच्या अलीकडे १०-१२ मीटरवर उभी असेल तर मागे गोलपर्यंत ४० मीटर मैदान उरतं. समोरच्या मधल्या फळीतून एक लांब चेंडू वरून आला की त्याला वळायचं आहे, आणि वीस-बावीस वर्षांच्या विंगरशी, म्हणजे कडेने धावणाऱ्या आक्रमकाशी, शर्यत लावायची आहे. वय वाढलं की सगळ्यात आधी जातो तो हाच वळून पकडायचा वेग. आणि दुसरं म्हणजे तीन दिवसांनी पुन्हा तेवढंच पळण्याची ताकद. हेडर, पासिंग, जागा ओळखणं हे सगळं पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं. फळी थोडी मागे घेतली किंवा बाजूला वेगवान जोडीदार दिला की तोच खेळाडू वेगळाच दिसायला लागतो.

सेंटर बॅक थियागो सिल्व्हाचं उदाहरण घ्या. तुमच्या क्लबमधल्या दोन्ही गटांना आपापला पुरावा त्या एकाच हंगामात सापडेल. ऑगस्ट २०२० मध्ये चेल्सीने त्याला पॅरिस सेंट-जर्मेनकडून फ्री ट्रान्सफरवर घेतलं तेव्हा ३६ पूर्ण व्हायला त्याला महिनाभरही उरला नव्हता. करार एका वर्षाचा, पुढे आणखी एक वर्ष वाढवण्याची सोय ठेवून. प्रीमियर लीगमधला पहिलाच सामना सप्टेंबरमध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध, आणि दंडावर कर्णधाराचा पट्टा. मागे शेवटचा माणूस तोच होता. साधा पास आला, चेंडू पायातून निसटला, आणि कॅलम रॉबिन्सन तो घेऊन एकटाच गोलरक्षकासमोर गेला. मध्यंतराला चेल्सी ०-३ ने मागे. सामना पुढे ३-३ असा सुटला, पण ‘हा वेग याला झेपणार नाही’ असा निकाल त्याच दिवशी लागून गेला होता.

जानेवारी २०२१ मध्ये थॉमस टूखेल कोच म्हणून आला आणि त्याने मागे तीन सेंटर बॅक लावले. सिल्व्हा मधोमध, एका बाजूला रुडिगर, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा आझपिलिक्वेटा. कडेला निसटणाऱ्या विंगरमागे धावायचं काम त्या दोघांचं झालं. सिल्व्हाकडे उरलं ते फळी सांभाळणं, मधला चेंडू कापणं आणि तिथून खेळ सुरू करणं. त्याच वर्षी मे महिन्यात पोर्तोमध्ये मँचेस्टर सिटीला १-० हरवून चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. मधला रस्ता सरळ नव्हता. एप्रिलमध्ये त्याच वेस्ट ब्रॉमविरुद्ध तो २९व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि चेल्सी २-५ हरली. पोर्तोच्या अंतिम सामन्यातही दुखापतीमुळे त्याला मध्यंतराआधीच मैदान सोडावं लागलं. तरी एका वर्षासाठी आलेला हा माणूस २०२४ पर्यंत तिथे खेळला. सप्टेंबरमध्ये ज्यांनी निकाल दिला होता त्यांनी खेळाडू नीट पाहिला होता, पण त्याच्याभोवतीची रचना पाहिली नव्हती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि तुमच्या क्लबमधल्या रागावलेल्या गटाचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने २९ वर्षांचा सेंटर बॅक याप स्टाम लाझियो क्लबला विकला आणि त्याच्या जागी ३५ वर्षांच्या लॉरँ ब्लांला आणलं. ब्लां फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातला, चेंडूवर अतिशय सुंदर खेळणारा. पण सलग तीन वर्षं लीग जिंकलेला तो संघ त्या हंगामात तिसरा आला. आदल्या वर्षी लीगमध्ये ३१ गोल खाल्ले होते, त्या वर्षी ४५. युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनने पुढे स्टामला विकणं ही आपली चूक होती हे मान्य केलं. सगळं खापर ब्लांवर फोडणं मला कधीच पटलं नाही. युनायटेडचे फुल बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, पुढे जायचे, मागे मोकळं मैदान राहायचं, आणि ते धावून झाकणारा स्टाम निघून गेला होता. जो संघ स्टामच्या पायांवर बेतलेला होता त्यात ब्लांला तसाच उभा केला. २००२ मध्ये सेंटर बॅक रिओ फर्डिनंड आला आणि पुढच्या वर्षी युनायटेडने लीग परत मिळवली. ब्लां तेव्हाही संघात होता.

म्हणून तुमच्या कोचबद्दल माझी पहिली शंका हीच आहे की तो फळी आहे तिथेच ठेवणार का, आणि ठेवणार असेल तर नव्या खेळाडूच्या शेजारी तुमच्याकडचा सगळ्यात वेगवान सेंटर बॅक देणार का. दोन्हीची उत्तरं ‘हो’ असतील तर निर्धास्त राहा. फळी वर आणि जोडीदारही संथ, असं झालं तर मात्र रागावलेल्या गटाचं खरं ठरेल, आणि त्यात खेळाडूचा दोष फारसा नसेल.

आता तो खेळायला लागला की त्याला बघायचं कसं, हे जरा सविस्तर सांगतो. बहुतेक वाद इथेच बिघडतो. लोक हायलाइट्स बघतात, आणि हायलाइट्समध्ये सेंटर बॅक दिसतो तो गोल पडताना किंवा घसरून टॅकल मारताना. चांगल्या अनुभवी बचावपटूचं निम्मं काम चेंडू दुसरीकडे असताना होतं. एका सामन्यात १० मिनिटं चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. समोरच्या मिडफिल्डरने मान वर केली, म्हणजे तो आता लांब पास देणार. त्या क्षणी आपला माणूस काय करतो? जाणता खेळाडू चेंडू पायातून सुटण्याआधीच दोन पावलं मागे सरकलेला असतो, अंग अर्धं वळवून, म्हणजे तोंड पूर्णपणे पुढेही नाही आणि गोलकडेही नाही. त्या दोन पावलांनी त्याचे चार मीटर वाचतात. खांद्यावरून मागे बघणं चालूच असतं. एक हात फुल बॅकला आत बोलावत असतो. मग चेंडू येतो आणि तो आरामात डोक्याने परतवतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की यात विशेष काय होतं.

वेग हरल्यावर तो काय करतो हेही बघण्यासारखं असतं. २०२१ मध्ये वेम्बलीवर झालेल्या युरोच्या अंतिम सामन्यात इटलीचा सेंटर बॅक किएलिनी ३६ वर्षांचा होता. १-१ अशी बरोबरी, जादा वेळेआधीची शेवटची मिनिटं. कडेला बाहेर जाणारा चेंडू तो अंगाने झाकायला गेला, अंदाज चुकला आणि इंग्लंडचा १९ वर्षांचा साका त्याच्या पाठीमागून निसटला. किएलिनीने त्याची कॉलर धरून मागे खेचलं. फाउल होता, पिवळं कार्ड मिळालं, आणि साकाच्या चाहत्यांना राग येणं अगदी बरोबर होतं. पण गोलपासून बरंच लांब, पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर, पिवळ्या कार्डावर धोका संपवायचा हा हिशोब त्याने एका क्षणात केला. इटलीने सामना पेनल्टींवर जिंकला. शेवटच्या १५ मिनिटांत गोल खाणाऱ्या तुमच्या संघाला नेमकं हेच कमी पडतंय असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं: कुठे फाउल घ्यायचा, कधी चेंडू सरळ बाहेर मारायचा, कधी फळी खाली आणायची आणि कधी मुळीच नाही.

कराराकडे येतो. ‘फुकट तर आलाय’ असं खूश गट म्हणत असेल तर ते अर्धसत्य आहे. ट्रान्सफर फी नसते तेव्हा खेळाडू आणि एजंट मिळून सही करण्याचे पैसे मागतात, आणि पगारही चढा असतो. तो परत विकून काही मिळण्याची आशा नसते. त्यामुळे ३३व्या वर्षी दोन वर्षं पक्की देणं मला धाडसाचं वाटतं. एक वर्ष, आणि ठरावीक सामने खेळला तर दुसरं आपोआप लागू, असा करार दोघांनाही न्याय देणारा असतो. वयापेक्षाही मी त्याच्या गेल्या दोन हंगामांतली मैदानावरची मिनिटं तपासेन. सेंटर बॅक सर्जियो रामोस २०२१ मध्ये ३५व्या वर्षी रिअल माद्रिद सोडून पॅरिस सेंट-जर्मेनला गेला तोही दोन वर्षांच्या करारावर. माद्रिदमधलं त्याचं शेवटचं वर्ष गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने आणि इतर दुखापतींनी कुरतडलेलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पॅरिससाठी त्याचा पहिला सामना नोव्हेंबरच्या अखेरीला उजाडला. तुमचा खेळाडू दोन हंगाम सलग खेळत आला असेल तर माझी हरकत बरीच मवाळ होईल. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) वारंवार धरत असेल तर मात्र दुसरं वर्ष तो दवाखान्यातच काढेल अशी भीती आहे.

२१ वर्षांच्या त्या पोराची काळजी मला समजते, आणि या सगळ्या वादात तीच सगळ्यात रास्त आहे. पण बाकावर बसून राहणं आणि शेजारी उभं राहून खेळणं यात फार फरक आहे. पोर्तोमध्ये सिल्व्हा बाहेर गेला तेव्हा आत आला तो २५ वर्षांचा क्रिस्टेन्सन, आणि त्याने उरलेला सामना एकही गोल न खाता काढला. २०२४ मध्ये डॉर्टमुंड चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं ते ३५ वर्षांच्या हुमेल्सच्या बाजूला २४ वर्षांचा श्लोटरबेक खेळवून. तुमच्या कोचने नव्या खेळाडूची आणि पोराची जोडी लावली तर पोराचं नुकसान नाही, उलट फळीत धावायचं काम त्याच्याकडे येईल आणि त्यात तो मोठा होईल. दोन म्हाताऱ्या सेंटर बॅकची जोडी लावून पोराला फक्त कपच्या सामन्यांत उतरवलं, तर आरडाओरडा करायला मीही तुमच्या बरोबर आहे.

कर्णधारपद मात्र लगेच देऊ नका. आत्ता जो कर्णधार आहे त्याला ड्रेसिंग रूम माहीत आहे, नव्या माणसाला अजून सगळ्यांची नावंही पाठ व्हायची आहेत. फळी वर-खाली करायला आणि फुल बॅकला ओरडून जागेवर आणायला त्याला पट्टा लागणार नाही. डिसेंबरपर्यंत खेळू दे, मग कोचला ठरवू दे.