रहस्यकथा लिहून पोट भरेल का?

पत्राचा गोषवारा: मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रहस्यकथा, भयकथा लिहिते. तीन कादंबऱ्या सुरू केल्या, पण एकही पुरी झाली नाही. पुढे पूर्णवेळ हेच करावं म्हणते. आईबाबा म्हणतात, आधी नोकरी बघ. मैत्रिणी म्हणतात, असल्या लिखाणाला कोण विचारतं. काय करू?

उत्तर:

नोकरीचं नंतर बोलू, आधी त्या तीन अर्धवट कादंबऱ्या. या धंद्यात कल्पनांचा तुटवडा कधीच नसतो, तुटवडा असतो तो ठरल्या तारखेला पुरा मजकूर हातात ठेवणाऱ्यांचा. तुझं लिखाण साधारण पंचवीस-तीस हजार शब्दांच्या आसपास अडत असणार, कारण बहुतेकांचं तिथेच अडतं. सुरुवातीचं कोडं मांडून झालेलं असतं, शेवट ठरलेला नसतो, आणि मधल्या पानांत पात्रं नुसती इकडून तिकडे फिरत राहतात. मग कंटाळा येतो, आपण पहिलं प्रकरण पुन्हा घासत बसतो, नाहीतर नवी कादंबरी सुरू करतो.

यावरचा इलाज जुनाच आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात, लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली कथामासिकं जोरात होती तेव्हा, लेस्टर डेंट या लेखकाने आपला साचाच मांडून ठेवला होता. ६००० शब्दांची कथा, १५०० शब्दांचे चार भाग. पहिल्या ओळीपासून नायक संकटात. पहिला भाग संपेपर्यंत सगळी महत्त्वाची पात्रं वाचकासमोर. प्रत्येक भागात संकट वाढतं आणि भाग संपताना कथेला कलाटणी मिळते. शेवटी नायक स्वतःच्या हिकमतीने सुटतो, कोणी येऊन त्याला सोडवत नाही. कादंबरीआधी या मापाच्या पाच-सहा कथा पुऱ्या कर. पुरं करण्याची सवय लहान मापावरच लागते.

पहिल्या ओळीबद्दल थोडं. ‘पावसाळी रात्र होती, वारा घोंघावत होता’ इथे वाचक पान उलटतो. ‘तिजोरीतले पैसे जसेच्या तसे होते, फक्त त्यांच्यावर कोणाची तरी एक चप्पल ठेवलेली होती’ इथे तो थांबतो. प्रकरणाच्या शेवटाचंही तसंच. दार करकरलं, ती किंचाळली, आणि पुढच्या प्रकरणात निघालं मांजर, ही शुद्ध फसवणूक. असं दोनदा केलंस की तिसऱ्या वेळी वाचक घाबरणार नाही. त्याऐवजी प्रश्नच बदलून टाक: ज्याच्या खुनाचा तपास चाललाय, त्याचाच फोन येतो. आता ‘मारलं कोणी’ हा प्रश्न मागे पडतो, ‘मेलंय कोण’ हा पुढे येतो.

धागा पेरायचा तर उलगड्याच्या बराच आधी, आणि तोही दुसऱ्याच कामाच्या वाक्यात लपवून. शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ काढणाऱ्या लेखकाचं पुढचं पुस्तक वाचक घेत नाही. मालिका लिहिणार असशील तर पात्रांची वही ठेव: नाव, वय, जखमेची खूण, गाडी, कोणत्या भागात काय घडलं. जखम पहिल्या भागात डाव्या हाताला आणि चौथ्यात उजव्या हाताला असली, तर वाचक पत्र पाठवतोच.

आता हिशोब. नोकरी सांभाळून रोज ८०० शब्द, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ४८००. या वेगाने ६०,००० शब्दांचा पहिला खर्डा साडेबारा आठवड्यांत होतो. दुरुस्तीला आणखी महिना धर. म्हणजे वर्षाला दोन कादंबऱ्या सहज, तीन ओढाताणीने. या क्षेत्रात एका पुस्तकावर घर चालणं फार विरळ. जुनी पुस्तकं खपत राहतात आणि नवं पुस्तक त्यांना पुन्हा गिऱ्हाईक आणतं, तेव्हा कुठे आवक जरा नियमित होते. तोवर नोकरी हवीच. इथे तुझ्या आईबाबांचं बरोबर आहे. नोकरी मात्र अशी बघ की संध्याकाळी डोकं शिल्लक राहील. दिवसभर दुसऱ्यांसाठी मजकूर पाडून रात्री आपलं लिहिणं फार थोड्यांना झेपतं.

करार नीट वाच. त्याच कथामासिकांच्या काळातले अमेरिकी लेखक वॉल्टर गिब्सन यांनी एकाच नायकाच्या २८२ कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या छापल्या गेल्या मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावाने, आणि त्या नावाची मालकी होती प्रकाशकाकडे. म्हणून सहीआधी बघ: हक्क कायमचे देतेस की ठरावीक मुदतीसाठी? ऑडिओ, भाषांतर, चित्रपट, मालिका हे हक्क वेगळे लिहिलेत का? रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, छापील किमतीवर आहे की विक्रेत्याची सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर? आगाऊ रक्कम रॉयल्टीतून वळती होणार का? पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत कधी? एकरकमी पैसे घेऊन सगळंच देऊन टाकावंसं वाटलं, तर निदान पात्राचा हक्क स्वतःकडे ठेव. मालिका चालली तर खरी कमाई त्या पात्रातच असते.

मैत्रिणींच्या म्हणण्याचं फार मनावर घेऊ नकोस. पुढे रहस्यकथाकार म्हणून गाजलेले रेमंड चँडलर यांची पहिली रहस्यकथा १९३३ साली अशाच एका स्वस्त कथामासिकात आली, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी गाठली होती. त्यांनी एक सराव केला होता, तो तूही कर. त्याच मासिकांतले दुसरे रहस्यकथाकार अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांची एक दीर्घकथा घेऊन त्यांनी तिचा तपशीलवार सारांश काढला, त्यावरून ती स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिली आणि मूळ कथेशी ताडून पाहिली. आपला प्रसंग कुठे लांबला, संवाद कुठे फुसका पडला, ते यात लगेच कळतं. ही वही मात्र कपाटात ठेवायची, छापायला द्यायची नाही.

तुझ्या त्या तीन अर्धवट कादंबऱ्यांपैकी जिचा शेवट तुला आज सांगता येतो ती निवड आणि तिचं शेवटचं दृश्य आधी लिही. बाकी दोन मिटून ठेव. पहिल्या प्रकरणाला खर्डा संपेपर्यंत हात लावू नकोस.