पाण्याखालच्या गावची वंशावळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गाव कोयनेच्या पाण्यात गेलेलं, पणजोबांच्या मागे एकही नाव ठाऊक नाही, आणि आजोबा गेल्यावर आता सांगणारंच कुणी उरलं नाही, असं तू लिहिलंस. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी नाही. सांगणारी माणसं आहेत; ती तुझ्या डोंबिवलीच्या घरात नाहीत, एवढंच. धरण झालं तेव्हा जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली गावं उठली आणि माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. एका भावाचं बिऱ्हाड एकीकडे, दुसऱ्याचं दुसरीकडे. तुझ्या घराण्याची माहिती या सगळ्यांत वाटली गेली आहे. ती गोळा करायची तर आधी माणसं गाठावी लागतील, कागद नंतर.

तरीही पहिला रविवार घरातच घालव. माळ्यावरची पितळी भांडी खाली काढ. घागर, तपेली, परात, जे असेल ते चिंचेनं घासून घे, मग काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावं दिसायला लागतील. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, कधी तारीख, कधी गावही. आजीच्या माहेरून आलेल्या हंड्यावर तिच्या भावाचं पूर्ण नाव मिळण्याचा संभव मोठा. देवघरातला कुठला टाक (देवाची किंवा पूर्वजाची धातूच्या पत्र्यावरची प्रतिमा) कुणाच्या नावाचा आहे, हे आईपेक्षा चुलत आजीला जास्त माहीत असेल. तिला फोन न करता जाऊन भेट. देवक कोणतं, कुळस्वामी कोण, आणि कोणत्या घरांशी सोयरीक होत नाही, हे लिहून घे. यातलं शेवटचं भावकी ओळखायला फार उपयोगी पडतं, कारण ज्यांच्याशी आपली लग्नं जमत नाहीत ती घरं पुष्कळदा एकाच मुळाची निघतात.

आजोबा गिरणीत होते म्हणालीस. मग गावाच्या मंडळाची मुंबईत खोली होती का, ते शोध. लालबाग-परळच्या बाजूला घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या होत्या. गावाहून आलेला गडी आधी तिथं वळकटी टाकायचा आणि महिन्याची वर्गणी द्यायचा. मंडळाच्या वर्गणीच्या वहीत नाव, बापाचं नाव आणि वाडी मिळते, आणि ही वही पुष्कळदा एखाद्या जुन्या चिटणिसाच्या कपाटात तशीच असते. गाव बुडालं तरी मंडळं पुष्कळ ठिकाणी चालू राहिली. मला तर वाटतं, बुडालेल्या गावांचा निम्मा इतिहास आज मुंबईतच आहे.

सरकारी कागदांत सर्वांत आधी भूसंपादनाचा निवाडा आणि पुनर्वसन शाखेतलं संकलन रजिस्टर माग. खातेदार कोण होता, किती क्षेत्र गेलं, कुटुंबात कोण कोण होतं, हे तिथं सापडतं. खातं आणि सर्व्हे नंबर हाती आला की मागे फेरफारांकडे, म्हणजे जमिनीचे हक्क बदलल्याच्या नोंदींकडे, वळ. १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक गावांचे फेरफार चालू झालेले दिसतात. तुझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव या टापूत मिळायला हवं.

वारसाचा फेरफार कसा वाचायचा ते सांगतो. वर मयताचं नाव, समजा ‘रामा बिन तुका’. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या आल्या. खाली वारस, त्यांची वयं अंदाजानं लिहिलेली. एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं असेल. अज्ञान पालनकर्ती आई. याचा अर्थ बाप गेला तेव्हा पोरगं लहान होतं, आई हयात होती, आणि तिचं नाव शेजारीच आहे. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला आहे. त्याच्यामागे नाव न लागलेले भाऊ असणार असं धर आणि पुढच्या वाटपाची नोंद शोध. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना कधीही सोडू नकोस. विधवा आणि लग्न होऊन गेलेल्या मुली कब्जेदारांच्या रांगेत क्वचित आल्या. त्यांना इतर हक्कांत बसवलं, सोसायटीच्या बोज्याच्या आणि विहिरीच्या पाळीच्या शेजारी. घराण्यांच्या छापील कुलवृत्तांतांत, निदान जुन्यांत, बापाखाली मुलगा आणि त्याखाली नातू अशी उतरंड असते, मुलींच्या जागी कोरा कागद. तुला पणजीच्या नणंदा हव्या असतील तर त्या या रकान्यात भेटतील. कुठल्याही सनदेपेक्षा या एका रकान्यानं मला जास्त माणसं दिली आहेत.

गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात माग. जुनं असेल तर मोडी लिपीत असेल. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण नोंद होईतो बारसंच झालेलं नसे. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, तारीख, एवढ्यावर भागवावं लागतं.

आता खरी अडचण. तू जाऊन भावकीत सातबारा, फेरफार, वाटप असे शब्द काढलेस की ओसरीवरचं बोलणं बंद पडेल. मुलगी आली, कागद विचारते, म्हणजे हिस्सा मागायला आली, असंच धरलं जाईल. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी एकदा पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन पाण्याला दिली आणि बदली जमिनीसाठी वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, ती माणसं कागदाचं नाव काढणाऱ्याला जपूनच असणार. म्हणून एकटी जाऊ नकोस. त्या खोऱ्यातला माहीतगार माणूस आधी गाठ. कुणी निवृत्त तलाठी, कुणी प्राथमिक शाळेतले गुरुजी, देवळाचा गुरव, एखाद्या गावचा माजी पोलीस पाटील. आपापल्या हौसेनं वाड्यावाड्यांच्या वंशावळी जमवणारी माणसं प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांचं नाव कुठं छापून आलेलं नसतं, पण तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर विचारलंस तरी पत्ता लागतो.

अशा माणसाबरोबर गेलीस की तुझी ओळख त्याच्या तोंडून होते. ‘ही अमक्याची नात, मुंबईची’ एवढं तो म्हणाला की पाटावर जागा मिळते. मग जमिनीसाठी आलेली नाही हे तू तुझ्या तोंडानं स्पष्ट सांग, आणि तसं वागही. पहिल्या भेटीत एकही कागद मागू नकोस. कुणी आपणहून ट्रंक उघडली तर त्यांच्यासमोर, त्यांच्याच घरात फोटो काढ आणि कागद ज्याच्या हातातून घेतलास त्याच हातात परत दे. कशावरही सही मागू नकोस, तुझ्या वहीवरसुद्धा नाही.

माहीतगाराचा दुसरा उपयोग याहून मोठा. फेरफारात ‘खालची वाडी’ लिहिलेलं असतं आणि तुला ती नकाशावर सापडत नाही. त्याला माहीत असतं की पाणी चढलं तशी त्या वाडीतली चार घरं वर डोंगरकडेला सरकली, बाकीची सोलापूरकडे गेली, आणि जाताना देवाचे तांदळे, म्हणजे देव म्हणून पुजलेले दगड, कुणी नेले. कागदात एका माणसाचं नाव अचानक बंद होतं. तो मेला, घरजावई गेला की मुंबईला कायमचा राहिला, हे कागद सांगत नाही. हा माणूस सांगतो, किंवा कुणाला विचारायचं ते सांगतो.

पण त्याच्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. ‘आमचं घराणं मूळ कुठलं?’ या प्रश्नाला कुणीही उत्तर देऊ शकत नाही आणि असा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा वेळ देत नाही. विचारायचं ते असं: फेरफारात अमक्याचे तीन मुलगे दिसतात, धरणाच्या निवाड्यात दोनच आहेत, तिसऱ्याची जमीन कुणाच्या नावे गेली आणि त्याचं घर आज कुठं? सोबत दोन्ही कागदांच्या प्रती. असा प्रश्न नेलास की समोरचा चष्मा लावून सरसावून बसतो. आणि तुला जे मिळेल ते त्याला दे. तुझी मुंबईच्या मंडळाची वही त्याच्यासाठी सोन्यासारखी आहे, कारण त्याच्याकडे फक्त मागे राहिलेल्यांची नावं आहेत. भावकीतल्या प्रत्येक घराला वंशावळीची एक नक्कल पोचव, ज्यांनी दार उघडलं नाही त्यांनाही. पुढच्या खेपेला तेच दुरुस्त्या सांगायला येतील.

मोडी वाचून देणारा हा वेगळा. त्याचं ते पोट आहे. पानाचा दर ठरव आणि पैसे वेळेवर दे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे, आणि घाईत वाचून देणारेही निघाले आहेत. म्हणून स्वतः थोडी मोडी शीक. पुराभिलेख खात्याचे वर्ग होतात. शिरोरेघ आधी ओढलेली, शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, यानं सुरुवातीला डोळे फिरतात. पण आपलं आडनाव आणि गावाचं नाव ओळखण्याइतकी मोडी लवकर येते, आणि तेवढ्यानंही दुसऱ्यानं केलेलं वाचन तपासता येतं.

फेरफारांच्या मागे जायचं झालं तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो ते. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं. सातारा महाराजांचं दफ्तरही तिथंच आहे. रुमालात बांधलेले हे कागद गावाच्या नावानं शोधायचे. तारखा शुहूर सनात, म्हणजे जुन्या दफ्तरांतल्या अरबी अंकनावांच्या कालगणनेत, असतात: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७२. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून ५९९ मिळवून १७७१-७२ असं धरायचं. एक सांगून ठेवतो, सामान्य रयतेचं नाव त्यात मिळेलच असं नाही. पाटील, चौगुला, वतनदार यांची मिळतात. मिळालं नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. त्यापेक्षा घरातलं कुणी काशीला, त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला गेलं होतं का ते विचार आणि तिथल्या तीर्थोपाध्यांना गावाचं नाव आणि आडनाव सांग. त्यांच्या वह्यांत यात्रेकरू स्वतः वडील, आजा, भाऊ, पोरं लिहून गेलेले असतात. सांगली-सोलापूरकडे गेलेल्या तुझ्या भावकीला हेही विचार की त्यांच्याकडे सुगीनंतर हेळवी येतो का. पिढ्यांची वही बाळगून दारोदार वाचून दाखवणारी ही माणसं आता कमी होत चालली आहेत, तेव्हा भेटला तर त्याला नीट बसवून घे, धान्य आणि दक्षिणा हात आखडता न घेता दे.

दोन ठिकाणी सावध राहा. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात, त्यामुळे ‘रामा बिन तुका’ दर दोन पिढ्यांनी पुन्हा उगवतो. नावावर जाऊ नकोस. सर्व्हे नंबर, बायकोचं नाव आणि शेजारच्या खातेदाराचं नाव जुळतं का ते बघ. दुसरं आडनावाचं. पेशवे मूळ श्रीवर्धनचे भट, नाना फडणवीस वेळासचे भानू, होळकरांचं आडनाव होळ गावावरून. इतक्या नामांकित घरांची आडनावं हुद्द्यानं आणि गावानं बदलली, तर तुझ्या घरात ते घडलंच नसेल असं धरू नकोस. कुणी तुझी साखळी थेट एखाद्या राजघराण्याला नेऊन जोडून दिली तर आनंदानं ऐक, पण कागदाशिवाय वहीत उतरवू नकोस. तुझा पूर्वज कोयनेकाठी नाचणी पिकवत होता यात मला तरी काही कमी वाटत नाही. त्याचं नाव खरं असलं पाहिजे, बस.

आणि काही गोष्टी निघतील. पाटाचं लग्न, दत्तक, सांभाळलेलं पोर, टाकलेली बायको. म्हातारी बोलता बोलता थांबली की तिथं थांब. हयात माणसाला बोचेल असं काही नकलेत घालू नकोस, तुझ्या वहीत वेगळ्या पानावर राहू दे. प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितलं आणि कधी, हे मात्र लिहीत जा. ऐकलेलं आणि कागदावर पाहिलेलं, दोन रंगांच्या शाईंत.

जावळी तालुक्यातल्या मेढ्याला माझ्या ओळखीचे एक निवृत्त तलाठी आहेत. त्यांच्या कानावर तुझं नाव घालून ठेवतो. निवाड्याची नक्कल हाती आली की आधी मला पाठव, मग त्यांना कधी भेटायचं ते ठरवू. फोटो काढताना शेवटचा रकाना कापू नकोस. मंजुरीचा शेरा आणि सही तिथंच असते. मोडीचं पान निघालं तर तेही धाड. पण पहिली ओळ तू स्वतः वाचून, चुकली तरी चालेल, खाली लिहून पाठव.

आईबाबांना नमस्कार सांग. कळावे,

तुझा,
गुरुजी