ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचीय? कशासाठी ते आधी ठरव

अरे, लिनक्सला मागे टाकायचं म्हणून सुरू करत असशील, तर दोन महिन्यांत कंटाळशील. लिनक्स लिहिणाऱ्या खुद्द लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपलं काम जाहीर केलं, तेव्हा 'नुसता छंद' असंच म्हटलं होतं. नोकरीसाठी म्हणशील, तर तेवढ्या वेळात दुसरं बरंच शिकून होईल.

पण बटण दाबल्यावर मशीनच्या आत नेमकं काय घडतं, ही खाज असेल तर खुशाल बस. जुन्या पद्धतीचा बायोस (मशीन चालू होताच आधी धावणारा प्रोग्राम) डिस्कचे पहिले ५१२ बाइट मेमरीत आणतो. त्यातले शेवटचे दोन हेक्साडेसिमलमधले ५५ आणि एए नसतील, तर तो तुझ्या कोडकडे ढुंकूनही बघत नाही. पेजिंगपायी (प्रोग्राम वापरतो ते पत्ते मेमरीतल्या खऱ्या पत्त्यांशी जोडणं) माझी एक अख्खी रात्र गेली. क्यूएमू, म्हणजे चाचणीसाठीचं सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन, नुसतं रीस्टार्ट होत होतं. ट्रिपल फॉल्ट, म्हणजे एक चूक हाताळताना दुसरी, ती हाताळताना तिसरी! पहाटे कळलं, पेज टेबलचा, म्हणजे त्या जोडणीच्या तक्त्याचा, पत्ता ४ केबीच्या सीमेवर (४०९६ च्या पटीत) नव्हता. (पगारी कामात ही मजा नाही. शिव्या मात्र दोन्हीकडे सारख्याच.)

आधी स्क्रीनवर एक अक्षर उमटव, मग कीबोर्डचा इंटरप्ट (कळ दाबली की प्रोसेसरला जाणारा इशारा). फाइल सिस्टीमचं नंतर बघू. आणि क्यूएमूचा इंटरप्ट लॉग पहिल्या दिवसापासून चालू ठेव, मला तो फार उशिरा सापडला.