नावाने डेटा मागणारं नेटवर्क: कॅश आणि रूटिंगचे तुमचे प्रश्न

एनडीएनबद्दल (नेम्ड डेटा नेटवर्किंग, म्हणजे अ‍ॅड्रेसऐवजी नावाने डेटा मागणारं नेटवर्क) तेच तेच प्रश्न परत येतायत म्हणून एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: पॅकेटवर पाठवणाऱ्याचा अ‍ॅड्रेसच नसतो, मग डेटा माझ्यापर्यंत येतो कसा?

पिट टेबलमुळे, म्हणजे अजून उत्तर न आलेल्या मागण्यांच्या यादीमुळे. इंटरेस्ट (डेटा मागणारं पॅकेट) कुठून आली ते प्रत्येक राउटर तिथे लिहून ठेवतो आणि डेटा त्याच वाटेने उलटा येतो.

प्रश्न: सेन्सरचं जुनंच रीडिंग येतं. राउटरमधली कॅश (डेटाच्या कॉपी ठेवायची जागा) बंद करू?

नको. इंटरेस्टमध्ये मस्ट-बी-फ्रेश (‘ताजाच डेटा द्या’ ही खूण) टाका. फ्रेशनेस पिरियड (डेटा किती वेळ ताजा मानायचा) किती ठेवायचा ते सेन्सरचा कोड लिहिणाऱ्याला विचारून ठरवा.

प्रश्न: विक्रेता म्हणतो प्रत्येक राउटरला मोठी कॅश लावा, हिट रेशो (कॅशमधूनच भागलेल्या मागण्यांचं प्रमाण) खूप वाढेल. घेऊ का?

आत्ता काही घेऊ नका. हे ‘सगळीकडे कॉपी ठेवा’ प्रकरण ऐकून मला खरंच राग येतो, कारण वाटेतला प्रत्येक राउटर तीच फाइल साठवतो, मग एकदाच कोणीतरी मागितलेली वस्तू पाच ठिकाणी बसते आणि रोज लागणारी बाहेर ढकलली जाते, म्हणजे पैसे पाच कॅशचे आणि उपयोग जेमतेम एकीचा. त्यापेक्षा लीव्ह कॉपी डाउन बघा, त्यात हिट मिळाला की एक कॉपी फक्त एक हॉप (पुढचा एक राउटर) खाली ठेवली जाते, त्यामुळे परत परत मागितलेलंच हळूहळू युजरच्या जवळ येतं. २०१३ च्या सिगकॉम या नेटवर्किंगच्या परिषदेतल्या एका पेपरने तर दाखवलं होतं की बहुतेक फायदा नुसत्या एजवरच्या (युजरजवळच्या कडेच्या) कॅशनेच मिळतो. आणि हिट रेशो कुठल्या ट्रॅफिकवर मोजला हे विक्रेत्याला विचाराच, मोजक्याच फाइल्स परत परत मागवल्या तर कुठलीही कॅश भारी दिसते. आपल्या नेटवर्कचे लॉग घ्या, एनडीएन-सिम या सिम्युलेटरवर चालवून बघा, जमत नसेल तर ज्याला जमतं त्याच्यासोबत बसा आणि मगच पैसे काढा.

प्रश्न: मल्टिकास्ट स्ट्रॅटेजी (इंटरेस्ट पुढे पाठवायची एक पद्धत) फास्ट असते असं ऐकलं, सगळीकडे लावू?

ऐकीव गोष्टीवर नको. ती एकच इंटरेस्ट सगळ्या रस्त्यांनी पाठवते, लिंक उगाच भरतात. बेस्ट-रूट (एकाच चांगल्या रस्त्याने पाठवणारी) ठेवा. रस्ते सारखे तुटत असतील तर एएसएफ (रस्त्यांचा वेग मोजून निवड करणारी), पण तुमची टोपोलॉजी (नेटवर्कची मांडणी) पाहिल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही.

प्रश्न: डेटावरची डिजिटल सही तपासणं नंतर जोडलं तर चालेल?

नाही. खोटं पॅकेट एकदा कॅशमध्ये शिरलं की पुढच्या सगळ्यांना तेच मिळतं, आणि राउटर सहसा प्रत्येक सही तपासत बसत नाही, तेवढी ताकद नसते, म्हणून तुमच्या अ‍ॅपनेच तपासायला हवी. ट्रस्ट स्कीमा (कुठल्या डेटावर कोणाची सही चालेल याचे नियम) सिक्युरिटीवाल्याला दाखवा, आणि तो हो म्हणेपर्यंत लाँचची तारीख ठरवू नका.