कोरलड्रॉमधल्या पत्रिकेतून फक्त गणपती पीएनजीत कसा काढायचा?

स्क्रीनशॉट नको, कडा फाटतात. गणपती सुट्या तुकड्यांचा असेल तर सगळे निवडून कंट्रोल+जीने ग्रुप करा. मग कंट्रोल+ई, प्रकार पीएनजी आणि तिथेच ‘सिलेक्टेड ओन्ली’वर टिक, ती द्यायची राहिली की अख्खं पान बाहेर येतं. पुढच्या खिडकीत ३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), ट्रान्सपरंट, म्हणजे मागची बाजू पारदर्शक, चालू. जेपीजी घ्याल तर मागे पांढरा चौकोन येईल. बडोद्यात दांडिया बाजारात एका मंडळाच्या लालभडक बॅनरवर मी असला चौकोन दहा दिवस मिरवलाय! व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि दोन इंची गणपती ३०० डीपीआयला ६०० पिक्सेलच भरतो, त्यामुळे बॅनरवाल्याला सीडीआर (कोरलड्रॉची मूळ फाइल) किंवा पीडीएफच द्या.