वाचक विचारतात : ‘दोन कंपन्या दाखल’ म्हणजे जवान किती?

प्रश्न : निवडणूक असो की दंगल, ‘केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या दोन कंपन्या दाखल’ अशी बातमी येते. प्रत्यक्षात रस्त्यावर किती जण असतात? आणि निळ्या गणवेशातले जवान वेगळ्या दलाचे का?

उत्तर : कागदावर कंपनी सव्वाशेच्या पुढे जाते. त्यातून रजेवरचे, आजारी, प्रशिक्षणाला गेलेले वजा करा. मग स्वयंपाकी, चालक, वायरलेसवाले आणि कॅम्पच्या पहाऱ्यावरचे. म्हणून हिशेब सेक्शनवर करावा. कंपनीत तीन प्लाटून, प्रत्येकीत तीन सेक्शन. सेक्शनमागे आठ जण धरले की झाले ७२. दोन कंपन्यांचे १४४ जण तीन पाळ्यांत वाटले, तर एका वेळी उभे राहतात ४८. शहरभर पुरतील अशी अपेक्षा इथेच फसते.

त्याहून वाईट म्हणजे मनुष्यबळ कमी पडतंय म्हणून दोन-दोन जण चौकाचौकांत विखुरणं. सेक्शन फुटला की त्याचा कमांडर एकीकडे, वायरलेस दुसरीकडे, आणि जमाव अंगावर आला तर त्या दोघांना मागे सरायलाही आधार नाही. सेक्शन एकत्रच ठेवावा, फार तर अर्धा करावा.

निळे जवान शीघ्र कृती दलाचे. हे दल १९९२ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातच उभं राहिलं. त्याची १०२ वी बटालियन नवी मुंबईत तळोज्याला आहे. त्यांचा सर्वांत लहान स्वतंत्र घटक म्हणजे निरीक्षकाच्या हाताखालची टीम. तिच्यात लाठी-ढालवाले, अश्रुधूरवाले आणि बंदूकवाले असे तीन भाग असतात. प्रत्येक कंपनीत महिलांची एक टीम असते.

प्रश्न : अश्रुधूर सोडूनही कधी कधी जमाव हलत नाही, असं का?

उत्तर : बहुतेकदा वाऱ्यामुळे. अश्रुधूर हा खरं तर वायू नव्हे, हवेत तरंगणारे बारीक कण असतात. वारा पाठीशी नसेल तर धूर सोडणाऱ्यांच्याच तोंडावर येतो. पावसात कण लवकर खाली बसतात. मुदत उलटलेली नळकांडी पेटत नाहीत किंवा अर्धवट जळतात, त्यामुळे कोतमधून (शस्त्रागारातून) काढतानाच तारीख पाहायला हवी. जवानाला दाढी असेल तर त्याचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि कडेने धूर आत शिरतो.

गॅसगनमधून नळकांडं उंच कोनात सोडायचं असतं. थेट माणसांवर रोखून झाडलं तर कवटी फुटू शकते, याला कसलीही सबब चालत नाही. धूर लागलाच तर डोळे चोळू नका. वारा ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून उभे राहा आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.

प्रश्न : हे दल गुन्हा नोंदवू शकतं का?

उत्तर : नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीत आहे; गुन्हा नोंदवणं आणि तपास करणं हे स्थानिक पोलीस ठाण्याचं काम. जमाव पांगवण्याचा आदेशही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देतो. तो हजर नसेल, तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी.